म्हाकूबाईनं तुडवलेली ताल

परवा देवळात सभा झाली. यंदाच्या पावसात ओढ्यानं वरचे बांध फोडले, त्याच्या दुरुस्तीला सरकार मदत देणार आहे. जीपमधून आलेला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा. तो सारखा पाणलोट, पाणलोट म्हणत होता. आमच्या वेळी आम्ही त्याला नुसतं वरचं पाणी म्हणायचो. त्यानं विचारलं, याआधी गावाला अशी मदत कधी मिळाली होती का. तेव्हा आताचे सरपंच उभे राहिले. हे जुन्या पाटलांचे नातू. म्हणाले, "मिळाली होती की. इंग्रजाच्या राज्यात. आमच्या आजोबांनी पुढाकार घेतला आणि साऱ्या गावानं एकदिलानं मोठी ताल बांधली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून घरी आले.

ती ताल बांधताना ज्यांनी पाहिली, त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. मी मराठी चौथीपर्यंत शिकले. लिहायला तेवढं पुरतं. एकदिलानं हा शब्द माझ्या घशात अडकला आहे, म्हणून म्हाकूबाईबद्दल लिहिते. तिच्याबद्दल गावात कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही. तीही कुणाबद्दल चांगलं बोलायची नाही. म्हणजे हिशोब फिट्टंफाट होता.

म्हाकूबाई धनगरीण. तिचा नवरा कधी गेला, तिला मूलबाळ होतं का, मला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. अंगानं उंच, हाडं वर आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर घोंगड्याची खोळ. काठीवर भार टाकून एका पायावर उभी राहायची, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून. अशी ती माळावर दिवस दिवस उभी दिसायची. आणि हातात टकळी. चालताना, बोलताना, भांडताना तिची टकळी फिरत असायची आणि लोकरीचा धागा निघत असायचा. साधं भांडण असेल तर टकळी थांबायची नाही. शिव्या देता देता ती सूत गुंडाळायची. पण टकळी थांबली की समजायचं, आता बाई खरी रागावली. मी ती थांबलेली मोजक्याच वेळा पाहिली.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाईंनी मला तिच्याकडे निरोप देऊन पाठवलं. आमच्याकडे पेरणीच्या आधी रानात मेंढरं बसवतात. कळप रानात मुक्कामाला बसतो, लेंडीचं खत रानात पडतं, आणि रानाचा मालक धनगराला दाणे देतो. धनगराचं पोट त्यावर चालतं. मी माळावर गेले आणि म्हटलं, "उद्या आमच्या रानात मेंढरं बसवायला सांगितलंय."

"रान कुनाचं?"

"सासऱ्यांचं."

"मंग सासऱ्याची जीभ कुटं ग्येली? नातेपुत्याच्या बाजारात इकली काय?"

मी पदर सावरत तिथंच उभी राहिले.

"जा पोरी. ज्येचं रान त्येनं यावं, रानात हुबं ऱ्हाऊन सांगावं. निरोपावर मेंढरू बसत न्हाय."

सासरे तणतणत गेले. परत येऊन म्हणाले, "बाई लई कडू हाय. पर आता मेंढरं ठरल्या जागी बसतील, त्येची काळजी न्हाय." आणि तसंच झालं.

लहानग्या नणंदेला डांग्या खोकला झाला तेव्हा कुणीतरी शेळीचं दूध द्यायला सांगितलं. म्हाकूबाईनं न मागता दूध आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि बाहेरूनच ओरडली, "भांडं घासून धाडा." आमच्या गडबडीत भांडं नुसतं विसळून गेलं. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. सासूबाईंनी मग राखेनं घासून तोंड दिसेल असं चकचकीत करून पाठवलं, तेव्हा पुन्हा आलं. मूल खोकतंय म्हणून तिनं नियम सोडला नाही आणि नियम पाळल्यावर दूधही अडवलं नाही. लोक याला दुष्टपणा म्हणायचे. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं.

एकदा लांडग्यानं तिची गाभण मेंढी नेली. बायका हळहळत गेल्या. ती उरलेल्या मेंढरांचे पाय तपासत बसली होती. एकजण म्हणाली, "मेल्या लांडग्याचं वाटूळं व्हईल बघ." म्हाकूबाई म्हणाली, "त्येला कशाला शिव्या द्यायच्या? त्यो त्येचं काम करतो. शिव्या मी मानसालाच देती. मानसाला दुसरं काम करता येतं."

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

आमचं गाव डोंगराच्या अंगाला. खाली अकलूजकडे कालव्याचं पाणी आलं होतं, तिकडे उसाची रानं हिरवी दिसायची. आमच्याकडे पाणी म्हणजे डोंगरावरून येईल तेवढंच. उतारावर जागोजाग मातीच्या ताली घातलेल्या. ताल म्हणजे पाण्याला आडवा घातलेला मातीचा जाड बांध. या सगळ्यांच्या खाली, ओढ्याला आडवी, मोठी ताल होती. तिच्या मागे पाणी साठायचं, ते उन्हाळ्यापर्यंत पुरायचं. गाव तेच प्यायचं, गुरंही तिथंच. म्हाकूबाईचा कळपही तिथंच. बाकीचे धनगर पाणी आटलं की मेंढरं घेऊन नीरेकडे उतरायचे. कालव्याकडची माणसं मेंढरांना दगड मारतात, म्हणून ती जायची नाही. म्हणायची, "हितलं पानी हाय तवर मी हाय. पानी सरलं की कळप इकायचा, दुसरं काय."

त्या वर्षी वळवाचा असा पाऊस झाला की डोंगर धुऊन निघाला. भर दुपारी. वरची ताल फुटली, तिचं पाणी खालचीवर आलं, ती फुटली, आणि अशा एकीमागून एक. सगळ्या डोंगराचं पाणी एकदम मोठ्या तालीवर येऊन आदळलं. ती मधोमध फुटली. रानातली माती गेली, खालचे गोठे गेले. लोक रडत होते. म्हाकूबाई बुडालेल्या मेंढरांची कातडी सोलत होती. कुणीतरी म्हणालं, देवानं सूड घेतला. ती म्हणाली, "पाऊस त्येच्या जागी पडला. तुमच्या ताली त्येंच्या जागी न्हवत्या." हे खरं होतं. वरच्या तालींची डागडुजी कुणीच केलेली नव्हती.

महिनाभरात मामलेदार घोड्यावरून आले. चावडीत बसून त्यांनी सांगितलं, सरकार मदत देईल. माती टाकणाऱ्यांना दाणे मिळतील, आणि देखरेखीला ओव्हरसियर येईल. अट एकच, काम साऱ्या गावानं मिळून केलं पाहिजे. पाटलांनी मान डोलावली. साऱ्या गावानं मिळून, असं त्यांनीही म्हटलं. मदतीसाठी आम्ही काहीही म्हणायला तयार होतो.

तालीचं काम वाटे पाडून करायची आमच्याकडे रीत आहे. प्रत्येक भावकीला तालीचा एक एक तुकडा. तुकड्यांच्या मधे खुटा ठोकायचा. प्रत्येकाला आपला तुकडा उंच दिसावा असं वाटतं, म्हणून काम जोरात होतं. दोन तुकडे जिथं मिळतात तो सांधा दोन्हीकडची माणसं मिळून भरतात आणि तुडवतात. एकमेकांना शिव्या देत का होईना, भरतात.

पण ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला महारवाड्याची जमीन होती. गावकीच्या कामाबद्दल त्यांना मिळालेली, तिला हाडकी म्हणायचे. म्हणून तो तुकडा त्यांचा. गावाचा शेवटचा खुटा आणि त्यांचा पहिला खुटा यांच्या मधे एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडली होती. ती कुणाचीच नव्हती. आमच्या माणसांनी टाकलेली माती त्यांच्या मातीला लागू नये म्हणून. त्यांनी खुट्याच्या अलीकडे यायचं नाही, आमच्यांनी पलीकडे जायचं नाही. दोन्हीकडून ताल वर चढत होती आणि मधे फट उभी राहत होती.

हे सगळ्यांना दिसत होतं. आम्ही बायका डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं त्या फटीजवळ यायचो, माती टाकायचो आणि वळायचो. पाणी फटीतून जातं हे कळायला शाळा लागत नाही. माझे सासरे चुलीपाशी बसून म्हणाले, "ती जागा शेवटी वरनं भरत्यात." वरनं म्हणजे फावड्यानं सैल माती ढकलायची. दिसायला ताल एकसारखी होते. आत भुसा.

मातीचा थर पडला की तो दाबावा लागतो. त्यासाठी मेंढरांचा कळप वरून फिरवतात. मेंढराचा खूर लहान आणि कडक. कळप ये-जा करत फिरला की माती दगडासारखी बसते. पाटलांनी म्हाकूबाईला बोलावलं. निरोपावर ती आली नाही, म्हणून स्वतः माळावर जाऊन सांगितलं. दाणे ठरले. आणि ठरलं की कळप शेवटच्या खुट्यापाशी वळवायचा.

अरुंद तालीवर कळप वळवून पाहा. म्होरका बकरा थांबतो, मागची मेंढरं त्याच्यावर चढतात, बाजूची काठावरून घसरतात आणि काठाची ताजी माती घेऊन खाली जातात. म्हाकूबाईनं पहिल्या थराला वळवला, दुसऱ्या थराला वळवला. तिच्या शिव्या ओढ्यापलीकडे ऐकू जात होत्या.

पलीकडे केरबा काम करत होता. महारवाड्यातला वडीलधारा माणूस. त्याची माणसं पायानं आणि लाकडी धुम्मसानं माती चोपत होती. केरबा फार कमी बोलायचा. तो खुट्यापलीकडे थांबला आणि म्हणाला, "म्हाकूबाई, वळवताना काठ ढासळतोय. सरळ न्ह्या की आमच्या अंगावरनं."

"दाणं कोन देनार? माज्या मेंढरांनी फुकट पाय झिजवायचं व्हय?"

"आमी देऊ. गाव देतंय तेवढंच देऊ."

"मापलेलं?"

"मापलेलं."

"मंग फट कोन भरनार? का मेंढरांनी उड्या मारायच्या?"

केरबानं खाली मान घातली. "आमाला खुट्याच्या अलीकडं यायचं न्हाय. पर आमच्या काठावर माती टाकाय कुनाची बंदी न्हाय."

एवढ्यावर व्यवहार झाला. दुसऱ्या दिवसापासून केरबाची माणसं शेवटच्या पाट्या आपल्या काठावर रिकाम्या करू लागली, ढीग फटीकडे कललेला. म्हाकूबाई खोऱ्यानं तो ढीग फटीत ओढायची, पसरायची. मग कळप आमच्या टोकाकडून यायचा, फटीवरून जायचा, पलीकडच्या टोकाला पोचायचा आणि मोकळ्या जागी वळून परत यायचा. काठ ढासळायचा थांबला. आठवडाभर असं चाललं. फट जमिनीपासून वर भरत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी म्हाकूबाईचा पुतळा करेल. केरबाच्या घरची माणसं तिच्याकडून ताक न्यायची तेव्हा ती त्यांच्या गाडग्यात वरून ओतायची, सगळ्यांसारखीच. तिला शिवाशिव मोडायची नव्हती. तिला पाणी अडवायचं होतं आणि कळप राखायचा होता. पण एवढंही करायला गावातलं दुसरं कुणी पुढं आलं नाही.

मग कुणीतरी पाटलांच्या कानावर घातलं. पाटील तालीवर आले, मागे चारदोन भावकीतले. त्या वेळी ओव्हरसियरही छत्री उघडून तिथंच उभा होता. आम्ही पाट्या खाली ठेवल्या.

पाटील म्हणाले, "ए म्हाकू, मेंढरं खुट्यापलीकडं का न्हेतीस?"

"माती तुडवाय."

"त्यांच्या अंगावर जाऊन पुन्ना आपल्या अंगावर येत्यात. इटाळ न्हाय का व्हत?"

तिची टकळी फिरत होती. "मेंढराला इटाळ?"

"मंग?"

"पाटील, तुमी चावडीत घोंगड्यावर बसता, त्ये कुनाच्या लोकरीचं?"

"त्येचा हितं काय संबंद?"

"ह्याच मेंढरांच्या लोकरीचं. मीच सूत दिलं. देवाला म्हनून घोंगडं चालतंय, सोवळ्यात चालतंय. लोकरीला इटाळ न्हाय म्हनून तुमच्याच आज्यानं सांगितलं. अंगावरच्या लोकरीला इटाळ न्हाय, आन् तिच्या खालच्या खुराला हाय? मेंढरू मधनं कापून दावा मला, कुटनं इटाळ सुरू व्हतोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांनी मागे वळून पाहिलं तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद होती. ते म्हणाले, "जास्ती बोलू नगंस. उद्यापास्नं मेंढरं तालीवर घालायची न्हाईत."

तेव्हा टकळी थांबली. म्हाकूबाई ओव्हरसियरकडे वळली. "लेकरा, तू सरकारचा मानूस. तुला फट दिसती का न्हाय?"

ओव्हरसियर सोलापूरकडचा, शिकलेला, चांगल्या घरचा दिसायचा. मूर्ख नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "दिसते, बाई. मला पहिल्या दिवसापासून दिसते. पण हा धर्माचा विषय आहे. सरकार लोकांच्या धर्मात हात घालत नाही."

"मंग त्यो धरम पान्याला बी सांगून ठेव."

तो छत्री मिटून निघून गेला. म्हाकूबाईचा मला अभिमान वाटला असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला फक्त भीती वाटली, आणि राग आला तो त्या छत्रीवाल्याचा. पाटलांना निदान आपण काय करतोय ते चूक वाटत नव्हतं. याला चूक दिसत होती आणि तो ती आपल्या देखरेखीखाली बांधत होता.

गावानं ठरवलं, म्हाकूबाईची मेंढरं कुणी रानात बसवायची नाहीत. तिला ठरलेले दाणेही दिले नाहीत. केरबानं मात्र आपले दाणे मापून दिले. तिनं ते पुन्हा स्वतःच्या मापानं मापून घेतले, त्याच्या तोंडावर. त्यानंही वाईट वाटून घेतलं नाही.

तालीचं काम पुढे चाललं, वरचे थर माणसांनी पायानं तुडवले. फटीत म्हाकूबाईनं छातीएवढी माती भरून तुडवली होती. त्याच्या वरचा भाग शेवटी सैल मातीनं भरला. दोन रामोशी लावून, वरून, फावड्यानं. मग वर पाणी शिंपडून थापलं. मामलेदार आले, नारळ फुटला, हार झाले. ओव्हरसियरनं काम पुरं झालं म्हणून सांगितलं. पाटलांनी भाषण केलं, साऱ्या गावानं मिळून हे केलं. म्हाकूबाई लांब माळाच्या कडेला एका पायावर उभी होती. टाळ्या थांबल्यावर तिथूनच ओरडली, "छातीपातूर तुडवलीय. गळ्यापातूर न्हाय. गळ्याला पानी आलं की बघा."

मामलेदारांनी विचारलं, ही कोण? पाटील म्हणाले, "येडी हाय."

आमच्याकडे खरा पाऊस हत्तीच्या, म्हणजे हस्ताच्या, नक्षत्रात येतो. त्या वर्षी चांगला आला. तालीमागचं तळं रोज थोडं थोडं चढत होतं, लोक रोज बघायला जायचे आणि खूश होऊन परत यायचे. मग एका सकाळी सैल माती बसली, तिच्यातून पाण्याची बारीक धार निघाली, आणि बघता बघता खुट्यांच्या मधली सगळी वरची माती विरघळून वाहून गेली. पाणी केरबाच्या रानावर पडलं. त्याच्या उभ्या ज्वारीवर दगडगोट्यांचा थर बसला. फट ठेवली गावानं आणि रान गेलं केरबाचं.

पण पाणी सगळं गेलं नाही. धार खाली येत येत एका जागी थांबली. जिथपर्यंत म्हाकूबाईनं माती ओढून मेंढरं फिरवली होती, तिथपर्यंत फटीतली माती टिकली होती. धुऊन निघालेल्या त्या मातीवर खुरांचे ठसे दिसत होते, एकावर एक, घट्ट. त्याच्या मागे निम्मं तळं शाबूत उभं होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाटलांनीही पाहिलं. ओव्हरसियरनं तर वाकून काठीनं टोचून पाहिलं.

मग चौकशी झाली. पाटलांनी सांगितलं, धनगरणीच्या मेंढरांनी खुरांनी माती उकरली, म्हणून ताल गेली. ओव्हरसियरनं ते नुसतं ऐकून घेतलं. वर कळवताना त्यानं अतिवृष्टी झाली एवढंच कळवलं. त्यामुळे सरकारनं दुरुस्तीसाठी पुन्हा मदत मंजूर केली. कुणाचं काही बिघडलं नाही. म्हाकूबाईला मात्र गावात तोंडावर म्हणू लागले, हिनं ताल मोडली. ज्या बायका तिनं राखलेलं पाणी घागरीत भरत होत्या, त्याच म्हणत होत्या.

तिचा कळप निम्मा झाला होता. दाणे मिळत नव्हते, म्हणून ती बाजारात मेंढरं विकून दाणे आणत होती. उरलेली रोज तळ्यावर पाण्याला आणायची. पाणी सरकारी, तिथं पाटलांना तिला अडवता येईना.

दुसऱ्या मदतीच्या वेळी ओव्हरसियर एवढं शिकला होता की माती तुडवलेली पाहिजे. पाणी निम्मंच उरलं म्हणून बाकीचे धनगर लवकरच खाली नीरेकडे गेलेले. कळप एकच उरला होता. पाटलांनी गावचे निरोप नेणाऱ्या तराळाला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "निरोपावर मेंढरू बसत न्हाय म्हनती." मग पाटील स्वतः तळ्यावर आले. सकाळची वेळ. आम्ही बायका पाणी भरत होतो. पलीकडच्या काठाला केरबा आणि त्याची माणसं रानातले दगड वेचत होती. म्हाकूबाई कळप पाण्यावर सोडून उभी होती, एका पायावर, टकळी फिरत होती.

पाटील म्हणाले, "म्हाकू, झालं ग्येलं इसर. उद्यापास्नं मेंढरं पुन्ना लोकांच्या रानात बसव. आन् तालीवर घाल."

"ऱ्हायल्यालं दाणं?"

"त्ये बी देतो."

"मेंढरं ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर न्ह्यायची?"

पाटलांनी आमच्याकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं. त्यांना हो म्हणायला काय लागलं असतं? निम्मं गाव समोर होतं, ते हो म्हणाले असते तर एकही माणूस तोंड उघडणार नव्हता. मला आजही तसंच वाटतं. ते म्हणाले, "आपल्या खुट्यापातूर."

टकळी थांबली. सगळ्या बायकांच्या घागरी थांबल्या.

"पाटील, हे पानी माज्या मेंढरांच्या खुरांनी ऱ्हायलंय. यंदा त्ये प्या. फुडल्या साली खुटा प्या."

पाटील धोतराचा सोगा उचलून गावाकडे गेले.

त्या मदतीनं ताल पुन्हा झाली, पुन्हा तशीच. ती कधी आणि कितीदा फुटली ते सांगत बसत नाही. ज्याला शंका असेल त्यानं ओढ्यावर जाऊन पाहावं. खुट्याच्या जागी अजून घळ आहे, आणि तिच्या तळाशी काळी माती कुदळीला दाद देत नाही. परवाचा साहेब म्हणाला, मशीन येईल आणि सगळं एका दमात भरून दाबून टाकेल. येऊ दे. मशीन मधे थांबत नाही.

म्हाकूबाईला मी त्या सकाळनंतर पाहिलं नाही. पाटील गेल्यावर तिनं जिभेनं आवाज काढून म्होरक्या बकऱ्याला बोलावलं. कळप पाण्यातून बाहेर आला. आम्हाला वाटलं, ती माळाकडे जाईल. ती तालीवर चढली. आमच्या टोकापासून, भावकीभावकीच्या तुकड्यांवरून, एकामागून एक मेंढरं चालली. शेवटचा खुटा आला. म्होरका थांबला नाही, मेंढरं खुट्याच्या दोन्ही बाजूंनी गेली. फुटलेल्या जागी ती खाली उतरली, खाली आपल्याच खुरांच्या ठशांवरून गेली आणि पलीकडे चढली. तिचं घोंगडं, तवा, गाडगी सगळं पाठीवर होतं. म्हणजे पाटील काय म्हणणार ते तिला आधीच माहीत होतं. तरी तिनं विचारून घेतलं होतं.

केरबानं दगड खाली ठेवला आणि जोहार केला. "म्हाकूबाई, कुटं?"

"जितं खुटा न्हाय तितं."

अशी जागा आपल्याकडे कुठं आहे, मला माहीत नाही. मी आयुष्यभर पाहिली नाही. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि पलीकडच्या उतारावरून ती खाली जाताना घागर काखेत घेऊन मी नीट पाहिलं, तिची टकळी फिरत होती.